तारेचा टाका आणि दूरचा रस्ता

दूरच्या प्रवासांचा इतिहास लिहिणारे बहुधा नकाशा पुढे ठेवून बसतात. कोणता घाट केव्हा ओलांडला, वाळवंटात किती दिवस काढले, याचा हिशेब चोख असतो. परंतु दोन मजलांच्या मध्ये, एखाद्या गावाच्या वेशीवर, गाडीचे सुटे भाग फडक्यावर मांडून बसलेला प्रवासी त्यात सहसा दिसत नाही. मोटारसायकलीच्या प्रवासांपुरते बोलावयाचे, तर अनेकदा पुढचा मार्ग त्या फडक्यावरच ठरला, असे आम्हांस वाटते. येथे दोनच उदाहरणे घेऊ.

११ डिसेंबर १९३४ रोजी थेरेसा वॉलॅक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोन इंग्रज तरुणी लंडनहून केपटाऊनकडे निघाल्या. वाहन म्हणजे यॉर्कशायरमध्ये तयार झालेली, ६०० सी. सी.ची, एकाच सिलिंडरची पँथर. तिला साइडकार जोडलेली आणि मागे सामानाची ओढगाडी. एका सिलिंडरवर एवढा बोजा म्हणजे काय, हे वाळूत कळते. चाक रुतते, खालच्या गिअरमध्ये इंजिन तासन्‌तास रेटावे लागते, वेग नसल्यामुळे वारा लागत नाही, तेल तापून पातळ होते आणि बेअरिंगे झिजू लागतात. सहारातून जाताना, अगाडेझ येण्यापूर्वीच, ते इंजिन निकामी झाले. गाडी कशीबशी त्या गावी आणून इंजिन खोलावे लागले आणि पुन्हा उभे करावे लागले. वॉलॅकबाईंनी यंत्रशास्त्राचे शिक्षण घेतले होते, ते तेथे कामास आले. २९ जुलै १९३५ रोजी त्या केपटाऊनला पोहोचल्या.

दुसरे उदाहरण निराळ्या वळणाचे आहे. जानेवारी १९५२ मध्ये अल्बेर्तो ग्रानादो हा जीवरसायनाचा अभ्यासक आणि त्याचा मित्र, वैद्यकाचा विद्यार्थी अर्नेस्तो गेव्हारा, असे दोघे अर्जेंटिनातून निघाले. हाच गेव्हारा पुढे ‘चे’ या नावाने जगाला माहीत झाला. गाडी ग्रानादोची, ५०० सी. सी.ची जुनी नॉर्टन. तिचे नाव ‘ला पोदेरोसा’, म्हणजे ‘सामर्थ्यशालिनी’! नावाप्रमाणे तिचे वर्तन मात्र नव्हते. सामानाचा सारा भार मागच्या बाजूस; त्यामुळे पुढचे चाक हलके पडे आणि खडीच्या रस्त्यावर दोघेही वारंवार धुळीत लोळत. टायर फुटत, स्क्रू गळून पडत. यावर त्यांचे औषध एकच होते: तार. जेथे स्क्रूचे काम तारेने भागते, तेथे तारच बरी, अशा आशयाचे गेव्हाराने आपल्या प्रवासवृत्तात विनोदाने नमूद केले आहे.

पण तारेलाही मर्यादा असते. चिलीमध्ये लाउतारोजवळ गाडी घसरली आणि गिअरपेटीचे अ‍ॅल्युमिनियमचे कवच फुटले. अ‍ॅल्युमिनियम सांधणे हे हौशी हाताचे काम नव्हे, त्यास कारण आहे. तो धातू सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळतो. मात्र त्याच्या पृष्ठावरील ऑक्साइडचा पापुद्रा वितळण्यास दोन हजार अंशांहून अधिक उष्णता लागते. शिवाय लोखंडाप्रमाणे तो तापून लाल होत नाही. इशारा न देता एकदम ओघळतो. लाउतारोच्या कारागिरांनी गाडी कशीबशी रस्त्यावर आणली. पुढे एका उतारावर ब्रेक निकामी झाले आणि समोर गुरांचा कळप आला. दोघे थोडक्यात बचावले. गाडीचे आयुष्य मात्र संपत आले होते. अखेर ती ट्रकवर घालून सांतियागोला नेण्यात आली आणि तेथेच राहिली.

या अपयशाचा परिणाम विचार करण्याजोगा आहे. गाडी असेपर्यंत हे दोघे रस्त्यावरचे कौतुकाचे पाहुणे होते; गाडी गेल्यावर ते ट्रकवाल्यांच्या दयेवर चालणारे वाटसरू झाले. चुकीकामाताच्या तांब्याच्या खाणींच्या वाटेवर त्यांना एक निर्धन खाणकामगार आणि त्याची पत्नी भेटली. त्या भेटीची खोल छाप गेव्हाराच्या लेखनात उमटली आहे. क्रांतीचे श्रेय फुटक्या गिअरपेटीला देण्याइतके आम्ही भाबडे नाही. तरी ती भेट पायी आणि रिकाम्या हाती चालणाऱ्याच्या वाट्याला आली, हे विसरता येत नाही.

पहिल्या प्रवासात दोष शोधण्यासाठी थांबणे झाले. दुसऱ्यात दोष बांधून पुढे जाणे झाले. तारेच्या टाक्याने दिवस निभावतो, हा तिचा गुण. आतली झीज तिच्यामुळे नजरेआड राहते, हा तिचा धोका. दप्तरातील कामकाजाशी ज्यांचा संबंध आहे, त्या आमच्या वाचकांस याचा अर्थ अधिक फोड करून सांगावयास नको.

आपल्याकडे १९५५ साली मद्रासेस बुलेट गाड्यांची जुळणी सुरू झाली, आणि पुढे ती गाडी सैन्यातून, पोलिसांतून देशभर पसरली. बदलीच्या निमित्ताने परप्रांती गेलेल्या माणसाला रस्त्याकडेचा मिस्त्री ठाऊक असतो. त्याची भाषा आपणांस येत नाही, आपली त्याला येत नाही. पण तो इंजिनाला कान लावतो, एका बोल्टाकडे बोट दाखवतो आणि संभाषण पूर्ण होते. अगाडेझला आणि लाउतारोला प्रवाशांचे गाडे ज्यांच्या आसऱ्याने पुढे सरकले, तेही याच जातीचे लोक. प्रवासवर्णनांच्या मुखपृष्ठावर त्यांची नावे येत नाहीत. इतिहासकाराने निदान एका परिच्छेदात तरी त्यांना जागा द्यावी, एवढेच आमचे मागणे आहे.