यंत्राच्या पोटांतील यादी

पावसाळ्यांत खडकवासल्याच्या धरणांत पाणी किती आलें, हें पाहण्यासाठीं प्रत्येक पुणेकर धरणावर जात नाहीं. पातळीचा व विसर्गाचा आंकडाच त्याच्यापर्यंत येतो. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचेंही फुटलें आणि मुठेचा लोंढा शहरांत शिरला. जी वस्तु डोळ्यांआड आहे तिची खरी हकीकत वेळेवर कळली पाहिजे, हा धडा पुण्याला फार महाग पडला.

संगणकांचा कारभार वाढला तेव्हां हाच प्रश्न तेथेंही उभा राहिला. शेंकडों यंत्रें निरनिराळ्या इमारतींत ठेवलेलीं. प्रत्येकापुढें जाऊन त्याची प्रकृति कोणी पाहावी? पुण्यांत सी-डॅकची स्थापना झाली त्याच १९८८ सालीं केस, फेडॉर, शॉफस्टॉल आणि डेव्हिन या चौघांनीं ‘एसएनएमपी’ नांवाचा एक साधा संकेत प्रसिद्ध केला. त्याची रीत अशी कीं, प्रत्येक यंत्रांत एक छोटा प्रोग्राम कारकुनासारखा बसवावयाचा, आणि मध्यवर्ती यंत्रानें विचारलेल्या प्रश्नाचें त्यानें उत्तर द्यावयाचें. प्रत्येक बाबीला एक ठराविक क्रमांक असल्यामुळें निरनिराळ्या कारखान्यांचीं यंत्रेंही एकमेकांना समजूं शकतात.

प्रारंभीं हे प्रश्न मुख्यतः तारांवरील रहदारीविषयीं असत. सप्टेंबर १९९३ मध्यें ग्रिलो आणि वॉल्डबुसर यांनीं त्यांत खुद्द यंत्राच्या साधनसामग्रीची भर घातली, आणि तींत बसविलेल्या सॉफ्टवेअरचाही एक तक्ता ठेविला. त्या तक्त्याला रकाने पांचच : अनुक्रमांक, नांव, ओळखचिन्ह, प्रकार आणि तारीख. आवृत्तीला स्वतंत्र रकाना नाहीं. ती बहुधा नांवालाच चिकटून येते. तरीही जागेवरून न उठतां दूरच्या यंत्रांत काय काय आहे हें वाचतां येऊं लागलें, ही सोय लहान नव्हती.

परंतु रखवालदाराला जी यादी उपयोगी, तीच चोरालाही उपयोगी. पहिल्या आवृत्तींत प्रश्नाबरोबर एक परवलीचा शब्द जात असे, आणि तोही उघडा. पुष्कळ यंत्रांत तो शब्द ‘पब्लिक’ असाच मुळापासून ठेवलेला असे व कोणी तो बदलीत नसे. कोणत्या घराचें कुलूप जुनें झालें आहे, हें दारावर पाटी लावून सांगण्यासारखाच हा प्रकार. तिसऱ्या आवृत्तीला २००२ सालीं पूर्ण मान्यता मिळाली. तिच्यांत विचारणाऱ्याची ओळख पटविण्याची व उत्तर गुप्त लिपींत पाठविण्याची व्यवस्था आहे.

यादीची दुसरी उणीव डिसेंबर २०२१ मध्यें जगाला कळली. ‘लॉग-फोर-जे’ नांवाच्या एका लहानशा घटकांत मोठें छिद्र सांपडलें. ‘हा घटक आमच्या यंत्रांत आहे काय?’ असा एकच प्रश्न जगभरच्या कचेऱ्यांत विचारला जाऊं लागला. हा घटक पुष्कळदां दुसऱ्या प्रोग्रामांच्या पोटांत दडलेला असे, आणि असे ठिकाणीं तक्ता मुका राहिला. तो पेट्यांचीं नांवें सांगतो. पेटींतील जिन्नस त्याला ठाऊक नसतात. म्हणूनच सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी ठेवण्याकडे जगाचें लक्ष वळलें, आणि भारतांत ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेनें २०२४ सालीं त्याविषयीं मार्गदर्शक सूचना काढल्या.

धरण आणि यंत्र यांत भेद आहे तो येथेंच. खडकवासल्याचा आंकडा जितक्या कानांवर जाईल तितका बरा. नदीकांठचा मनुष्य त्यामुळें सावध होतो. यंत्राची यादी मात्र ज्याच्यावर राखण सोंपविली आहे त्याच्याच हातीं पडावी. पण ती खरी, ताजी आणि पुरी असली पाहिजे, ही अट दोहींकडे सारखीच आहे. अर्धवट यादीवर विसंबून स्वस्थ झोंपणारा रखवालदार बेसावधच म्हणावयाचा.