गुऱ्हाळात वाया काय जातं?

शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी वसवली आणि कोल्हापूरच्या गुळाला हक्काची पेठ मिळाली. पण या धंद्याची खरी हुशारी पेठेत नाही, गुऱ्हाळावर दिसते.

तिथे सरपण विकत आणण्याची गरज फारशी पडत नाही. घाण्यातून निघालेली चिपाडं उन्हात वाळतात आणि तीच चुलवाणात जातात; उसाचा रस उसावरच शिजतो. काहिलीत रस तापला की रानभेंडीचा चिकट रस त्यात सोडतात. मळी फेसासारखी वर येते, ती झाऱ्याने काढली की खतात जाते. पाक पातळ असताना उतरवला तर काकवी, आणखी घट्ट झाला की गूळ. ही वेळ गूळ शिजवणारा गुळव्याच ओळखतो. थेंबभर पाक गार पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळून पाहायची. क्षणभर उशीर झाला की रंग काळवंडतो, आणि दर पडतो.

उसाचे शेंडे, म्हणजे वाढे, म्हशींच्या गव्हाणीत जातात. कोल्हापूरच्या दुधामागे हा चाराही आहे.

2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. वाया जातं ते पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं; ते आजही कित्येक शेतांत पेटवलं जातं. शेतकऱ्यांनी ते सरीतच कुजू द्यावं. जमिनीची ओल टिकते, खतही होतं.