बारामतीचे तीन ‘ए’

‘बारामती’ हें नांव रोमन लिपींत लिहिलें म्हणजे त्यांत ‘ए’ तीन वेळां येतो. पहिले दोन ‘आ’ म्हणून वाचावयाचे, तिसरा ‘अ’ म्हणून. कोणता कोठें, हें सांगणारी खूण त्या लिपींत नाहीं. १८८५ मध्यें निघालेल्या पुणें जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटियरांत दीर्घ ‘आ’साठीं ‘ए’च्या माथ्यावर तिरकी रेघ द्यावी लागली, ती यासाठींच. इंदापुरांतील ‘यू’ही तसाच लहरी: येथें ‘ऊ’, ‘पुट’मध्यें ‘उ’ आणि ‘बट’मध्यें चक्क ‘अ’!

याच बारामतींत बाबूजी नाइकांच्या आश्रयास राहिलेल्या व १७९४ मध्यें तेथेंच निवर्तलेल्या मोरोपंतांनीं ‘निरोष्ठ रामायण’ रचलें. प, फ, ब, भ, म या ओष्ठ्य वर्णांना फांटा देऊन रामकथा सांगावयाची. आणि ‘म’ तर नायकाच्या नांवांत, कवीच्याही! असा खेळ सुचतो, कारण आपली वर्णमालाच मुखांतील स्थानांप्रमाणें लावलेली आहे: कंठ, तालु, मूर्धा, दंत, ओष्ठ. इंग्रजींत ‘बी’ दुसरा आणि ‘पी’ सोळावा. दोघेही ओंठांचेच, पण शेजार नाहीं.

पूर्वी मराठी शाळेंत इंग्रजी पांचवींत येई, म्हणजे बाराखडी अंगीं मुरल्यावर. २००० सालापासून तें पहिलींतच आलें. मला त्यांत गैर वाटत नाहीं. गैर वाटतें तें ‘स्वर पांच, व्यंजनें एकवीस’ हें घोकविणें. तीं पांच अक्षरें आहेत, ध्वनि नव्हेत. इंग्लंडांतील प्रमाण उच्चारांत स्वरध्वनि सुमारें वीस मोजतात. घोकलेलें मूल मग ‘युनिव्हर्सिटी’मागें ‘ॲन’ लावतें, कारण पहिलें अक्षर ‘यू’. आणि ‘अवर’मागें ‘ॲन’ लावावयास धजत नाहीं, कारण तेथें न उच्चारलेला ‘एच’ आडवा बसलेला! आधीं शब्द कानांनीं ऐकविला, श्वास मोकळा सुटतो कीं कोठें अडतो तें पाहावयास लाविलें, तर हा घोळ होत नाहीं. आणि ती पारख बाराखडी शिकणाऱ्या मुलाजवळ असतेच.

नवें शिकवावें लागतें तें निराळेंच. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोहोंसाठीं आपण एकच ‘व’ लिहितों. पहिल्यास वरचे दांत खालच्या ओंठास टेकतात, दुसऱ्यास ओंठांचा चंबू होतो. त्यासाठीं वर्गांत एक लहानसा आरसा असला म्हणजे पुरे.