उतरवायचा राहून गेलेला कंदील

दिवाळी संपली की आकाशकंदील उतरवायचा, हा घराघरातला नियम आणि घराघरातलं भांडणही. तुळशीच्या लग्नापर्यंत राहू दे, मग त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहू दे, असं करत तो कधीकधी संक्रांतीचे तिळगूळही बघतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात रोआनोक नावाचं एक शहर आहे, त्यानं हाच आळस केला. फक्त त्यांचा कंदील साडेअठ्ठ्याऐंशी फूट उंच आहे आणि १९४९ साली चढवलेला अजून उतरलेला नाही.

कंदील म्हणजे पाच टोकांची चांदणी. शहराच्या हद्दीतच मिल माउंटन नावाचा डोंगर आहे, त्याच्या माथ्यावर, खालच्या वस्तीपासून सुमारे हजार फूट उंचीवर ती उभी आहे. पर्वतीवरच्या दिव्यांकडे बघत मोठं झालेल्या पुणेकराला हे अंतर चटकन कळेल. मात्र पर्वतीवर देव आहे. मिल माउंटनवर देव नव्हता, गरज होती ती गिऱ्हाइकांची.

कारण चांदणी बसवली ती दुकानदारांनी. रोआनोक हे रेल्वेनं जन्माला घातलेलं गाव. खारट पाणथळींवर मीठ चाटायला जनावरं यायची म्हणून आधी त्याचं नावच ‘बिग लिक’ होतं, म्हणजे मोठं चाटवण. रेल्वे आली, १८८२ साली नाव बदललं, वाफेची इंजिनं बांधणारे कारखाने उभे राहिले आणि पगाराच्या दिवशी बाजारपेठ फुलू लागली. दुसरं महायुद्ध संपून चार वर्षं झाली होती. लोकांच्या हातात पैसे खुळखुळत होते आणि नाताळची खरेदी तोंडावर होती. व्यापारी संघानं ठरवलं, यंदाची रोषणाई अशी करायची की खोऱ्यातल्या कुणालाही मान वर करून बघावंच लागेल. काम दिलं गावातल्याच किन्सी नावाच्या पाट्या बनवणाऱ्या घराण्याला.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या संध्याकाळी, २३ नोव्हेंबर १९४९ ला, महापौरांनी खटका दाबला. पाहुणा म्हणून हॉलिवूडचा नट जॉन पेन हजर होता. तो जन्मानं रोआनोकचा, हे एक कारण. दुसरं मला जास्त गमतीचं वाटतं: दोनच वर्षांपूर्वी, १९४७ साली, तो ‘मिरॅकल ऑन ३४थ स्ट्रीट’मध्ये झळकला होता. एका मोठ्या दुकानानं कामावर ठेवलेला सांताक्लॉज खरा की खोटा, यावर अख्खा खटला चालतो, अशी त्या सिनेमाची गोष्ट. दुकानदारांच्या चांदणीला याहून नेमका पाहुणा मिळाला नसता.

नाताळ सरला आणि चांदणी तशीच राहिली. लोकांना ती आवडली होती. रात्री परतणाऱ्याला डोंगरावर ती दिसली की घर आलं, असा हिशेब बसून गेला. शहराला ‘स्टार सिटी ऑफ द साउथ’ हे टोपणनाव पडलं आणि दुकानांच्या पाट्यांवर ‘स्टार सिटी’ मिरवू लागलं. डोंगरावर जाहिरात चढवली ती दुकानांनी, आणि आता दुकानंच तिचं नाव लावू लागली.

आता जरा त्या उजेडाची कुळी बघू. चांदणीत सुमारे दोन हजार फूट निऑनची नळी आहे आणि ती साडेसतरा हजार वॅट वीज खाते. निऑन वायू विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी लंडनमध्ये १८९८ साली शोधला. हाच रॅम्झी दोन वर्षांनी जमशेटजी टाटांच्या विनंतीवरून हिंदुस्थानात आला आणि टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी त्यानं बंगळूरची शिफारस केली. वायूला दुकानाच्या पाटीवर बसवलं ते जॉर्ज क्लोद या फ्रेंच माणसानं. १९१० साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात त्यानं निऑनचे दिवे लावून दाखवले.

ही नळी साच्यातून निघत नाही. काचेची सरळ कांडी ज्योतीवर धरून मऊ करायची आणि कारागिरानं हातानं वाकवायची. वाकवताना नळी आतून चपटी होऊ नये म्हणून तो एका टोकाला लावलेल्या रबरी नळीतून अलगद फुंकर घालत असतो. मग आतली हवा उपसायची, चिमूटभर वायू भरायचा, टोकं बंद करायची. मरीन ड्राइव्हच्या गच्च्यांवर एके काळी लखलखणाऱ्या पाट्यांची जातही हीच. यात खरा निऑन पेटतो तो लालच. निळ्यासाठी अर्गॉन आणि पाऱ्याची वाफ लागते, पांढऱ्यासाठी काचेला आतून भुकटीचा लेप.

हा रंगांचा खुलासा पाल्हाळ म्हणून केला नाही. रोआनोकची चांदणी खरं तर एकात एक बसवलेल्या तीन चांदण्यांची आहे, म्हणजे रंग बदलता येतात, आणि गावानं तिच्याशी जे नातं जोडलं ते रंगांतून. खोऱ्यात रस्त्यावरच्या अपघातात कुणी दगावलं की त्या रात्री चांदणी लाल करायची, अशी रीत पडली. सत्तरच्या दशकापर्यंत ती चालू होती. जेवणानंतर ओट्यावर येऊन सहज वर बघावं आणि कळावं, आज आपल्यातलं कुणीतरी गेलं. कोण, ते डोंगर सांगत नाही. ते सकाळी वर्तमानपत्रात.

आपल्याकडे सुतक असलं तर कंदील लावत नाहीत. त्यांनी लावलेल्या कंदिलालाच सुतक पाळायला लावलं. खरेदीला बोलावण्यासाठी उभारलेल्या वस्तूवर हे काम कुणी लादलं असतं तर हास्यास्पद झालं असतं. रोज दिसणाऱ्या वस्तूवर ते आपसूक येऊन बसलं.

सप्टेंबर २००१ मधल्या दहशतवादी हल्ल्यांनंतर चांदणी लाल-पांढरी-निळी झाली, झेंड्याच्या रंगांची, आणि पुढे साडेपाच वर्षं तशीच राहिली. मग १६ एप्रिल २००७ चा सोमवार उजाडला. सुमारे चाळीस मैलांवर ब्लॅक्सबर्गला व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्यानं बत्तीस जणांना गोळ्या घालून मारलं. त्या मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी गावानं लाल आणि निळा काढून टाकला आणि चांदणी नुसती पांढरी ठेवली. अमेरिकेत शोकाचा रंग काळा. पण काळी चांदणी म्हणजे विझलेली चांदणी, आणि ती विझवायची नव्हती. पांढऱ्या कपड्यांत स्मशानात जाणाऱ्या आपल्याला तो रंग समजावून सांगावा लागत नाही. तेव्हापासून एरवी ती पांढरीच असते. झेंड्याचे रंग काही राष्ट्रीय दिवसांपुरते परत येतात.

१९९९ मध्ये पन्नाशीच्या वर्षी राष्ट्रीय वारसास्थळांच्या यादीत तिचं नाव लागलं. रोज अंधार पडला की ती लागते आणि मध्यरात्री मालवते.

चांदणीच्या पायथ्याशी शहराकडे तोंड केलेला एक सज्जा आहे. जोडपी येतात, पाहुण्यांना घेऊन घरची माणसं येतात. तिथं उभं राहिलं की चांदणी पाठीशी, डोक्यावर असते, तिचा आकार कळतच नाही; मागून नुसता उजेड येतो. समोर दिसतात ते खालचे बारीक बारीक दिवे, आणि जो तो त्यांत बोट दाखवून आपलं घर शोधत असतो.