मल्टीबीस्ट

मल्टीबीस्ट हे ॲपल कंपनीची मॅक संचालन प्रणाली सर्वसाधारण पीसीवर स्थापित केल्यानंतर वापरावयाचे एक मोफत साधन आहे. ध्वनी, नेटवर्क, आलेखन इत्यादींसाठी लागणारे ड्रायव्हर आणि संगणक सुरू करणारा बूटलोडर एकाच वेळी बसवणे हे त्याचे कार्य होय. टोनीमॅकएक्स८६ या संकेतस्थळाच्या चमूने ते तयार केले. अशा रीतीने मॅक प्रणाली चालवणाऱ्या पीसीला 'हॅकिंटॉश' असे म्हणतात. 'हॅक' आणि 'मॅकिंटॉश' या शब्दांच्या संयोगातून हे नाव बनले आहे.

पार्श्वभूमी

जून २००५ मध्ये ॲपलने पॉवरपीसी प्रक्रियक सोडून इंटेलचे प्रक्रियक वापरण्याची घोषणा केली आणि जानेवारी २००६ मध्ये असे पहिले मॅक बाजारात आले. त्यामुळे मॅक आणि पीसी यांची अंतर्गत रचना बरीचशी सारखी झाली. तथापि, ॲपल केवळ स्वतःच्या यंत्रांतील भागांसाठीच ड्रायव्हर पुरवते. परिणामी पीसीवर मॅक प्रणाली स्थापित झाली तरी आवाज न येणे, नेटवर्क न जोडले जाणे, पडद्यावरील चित्र धूसर दिसणे आणि प्रत्येक वेळी यूएसबी पेनड्राइव्हच्या साहाय्यानेच संगणक सुरू करावा लागणे अशा अडचणी उद्भवत. प्रारंभी वापरकर्ते प्रत्येक ड्रायव्हर स्वतंत्रपणे शोधून हाताने बसवत असत. हे काम सुलभ करण्यासाठी स्नो लेपर्ड आवृत्तीच्या काळात मल्टीबीस्ट पुढे आले. पुढे स्थापनेचा पेनड्राइव्ह तयार करण्यासाठी याच चमूने युनिबीस्ट हे साधन काढले.

कार्यपद्धती

मॅक प्रणालीत ड्रायव्हर 'केक्स्ट' या स्वरूपात असतात. केक्स्ट म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, अर्थात कर्नेलला, जोडले जाणारे पूरक घटक. मल्टीबीस्टमध्ये वापरकर्ता आपल्या मदरबोर्डनुसार पर्यायांची निवड करतो. त्यानंतर निवडलेले घटक योग्य जागी बसवले जातात. त्यांतील प्रमुख घटक पुढीलप्रमाणे :

फेकएसएमसी : खऱ्या मॅकमध्ये तापमान, पंखे व वीजपुरवठा सांभाळणारी एसएमसी ही चिप असते आणि प्रणाली तिचा शोध घेते. हा केक्स्ट त्या चिपची नक्कल करतो. त्याच्याविना प्रणाली सुरू होत नाही.

ध्वनी व नेटवर्क : बहुसंख्य मदरबोर्डांवर आढळणाऱ्या रिअलटेकच्या ध्वनिचिप, तसेच रिअलटेक व इंटेलच्या इथरनेट चिप यांसाठीचे ड्रायव्हर.

डीएसडीटी : संगणकातील भागांचे वर्णन करणारे हे कोष्टक मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये असते. काही मदरबोर्डांसाठी त्याची सुधारित प्रत वापरावी लागे.

बूटलोडर : आरंभी कॅमेलिऑन व नंतर क्लोव्हर. संगणक हा आयमॅक किंवा मॅक प्रो आहे, अशी ओळख प्रणालीला करून देण्याचे कामही बूटलोडर करतो.

मर्यादा

मल्टीबीस्ट उपलब्ध ड्रायव्हर बसवते. अस्तित्वात नसलेला ड्रायव्हर ते निर्माण करू शकत नाही. २०१८ च्या मोहावे आवृत्तीसाठी एनव्हिडियाच्या नव्या आलेखन कार्डांचे ड्रायव्हर आलेच नाहीत. त्यामुळे अशी कार्डे असलेल्या अनेकांना जुन्या आवृत्तीवर थांबावे लागले अथवा कार्ड बदलावे लागले.

चुकीचा केक्स्ट निवडल्यास कर्नेल कोलमडून संगणक सुरूच होत नाही. शिवाय केक्स्टला प्रणालीच्या गाभ्यात मुक्त प्रवेश असल्याने अविश्वासार्ह ठिकाणाहून घेतलेला केक्स्ट माहितीच्या सुरक्षिततेस घातक ठरू शकतो. प्रणालीच्या अद्ययावतीकरणाने बसवलेले बदल पुसले जाण्याचीही शक्यता असे. म्हणून बदलांपूर्वी संपूर्ण डिस्कची प्रत काढून ठेवणे आवश्यक मानले जाते. सर्व घटक एकाच वेळी बसत असल्याने दोष नेमका कशात आहे हे नवख्या वापरकर्त्यास उमगत नाही, हा या साधनावरील मुख्य आक्षेप होय.

कायदेशीर बाजू

ॲपलच्या परवान्यानुसार मॅक प्रणाली केवळ ॲपलच्या संगणकांवरच स्थापित करता येते. अमेरिकेतील सायस्टार या कंपनीने एप्रिल २००८ मध्ये मॅक प्रणाली असलेले पीसी विकण्यास प्रारंभ केला. ॲपलने त्याच वर्षी जुलैमध्ये तिच्यावर दावा दाखल केला. नोव्हेंबर २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने सायस्टारने स्वामित्वहक्काचा भंग केल्याचा निर्णय दिला आणि २०११ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम ठेवला. हा खटला व्यापारी विक्रीसंबंधीचा होता. तथापि, परवान्याची अट वैयक्तिक वापरासही लागू आहे.

ऱ्हास

२०१५ च्या एल कॅपिटन आवृत्तीपासून ॲपलने प्रणालीच्या फोल्डरांत बदल करण्यावर निर्बंध घातले. २०१९ च्या कॅटालिनात प्रणालीचा विभाग केवळ वाचनीय झाला, तर २०२० च्या बिग सरमध्ये तो सांकेतिक स्वाक्षरीने मोहोरबंद करण्यात आला. त्यामुळे केक्स्ट प्रणालीत न बसवता ते वेगळ्या ईएफआय विभागात ठेवून संगणक सुरू होताना स्मृतीत भरण्याची पद्धत रूढ झाली. ओपनकोअर हा बूटलोडर आणि लिलू, व्हर्च्युअलएसएमसी, व्हॉटेव्हरग्रीन व ॲपलएएलसी हे केक्स्ट याच पद्धतीचे आहेत. ओपनकोअरची जुळणी वापरकर्त्याने आपल्या यंत्राचा अभ्यास करून स्वतः करावयाची असते. मल्टीबीस्टसारखी तयार निवड तेथे नसते.

नोव्हेंबर २०२० पासून ॲपल स्वतःच्या एम मालिकेतील चिप वापरू लागले. २०२५ मध्ये आलेली टाहो ही इंटेल प्रक्रियकांवर चालणारी अखेरची आवृत्ती असल्याचे ॲपलने जाहीर केले आहे. त्यापुढील आवृत्त्यांसाठी पीसीवर स्थापना करण्याचा हा मार्गच उरत नाही.