टँक : एका शब्दाचें कूळ

सिहोऱ्याचा विद्यार्थी ‘टँक म्हणजे तलाव’ असें पाठ करतो, त्यांत त्याची चूक नाहीं. भंडारा जिल्ह्याच्या जुन्या इंग्रजी दप्तरांत कोहळी लोकांनीं बांधलेल्या तलावांना हेंच नांव आहे. शब्दाचें कूळ मात्र वादग्रस्त. कोणी तो आपल्या ‘टांकें’ या शब्दापासून काढतात, कोणी पोर्तुगीज ‘तांके’ पासून. पोर्तुगीज शब्दाच्या मुळाशीं पाणी अडविण्याची क्रिया आहे. आपलें टांकें खडकांत खोदलेलें असतें. शिवनेरीवर तशीं पुष्कळ आहेत. कोहळ्यांचा तलाव खोदलेला नव्हे, मातीची पाळ घालून अडविलेला. तेव्हां गडांना मराठी व्युत्पत्ति शोभते आणि भंडाऱ्याला पोर्तुगीज, स्वभाषाभिमान्यांस हें रुचो वा न रुचो! माझ्या मतें पश्चिम किनाऱ्यावर दोन्ही शब्द एकमेकांत मिसळून गेले असावेत.

पुढें पहिल्या महायुद्धांत इंग्रजांनीं पोलादी लढाऊ गाडी गुप्तपणें बनविली. बातमी फुटूं नये म्हणून ती पाण्याची टांकी आहे अशी बतावणी केली. १५ सप्टेंबर १९१६ रोजीं ती फ्रान्समध्यें सोमच्या रणांगणावर उतरली, आणि तें खोटें नांवच तिला कायमचें चिकटलें. मराठीनें तिला ‘रणगाडा’ म्हटलें. त्यांत पाण्याचा मागमूसहि उरला नाहीं.