वतन आणि फड

वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष या गावी १८६६ साली जन्मलेल्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांचा जीवनक्रम वतनाने आधीच आखून ठेवला होता: गावचे दप्तर सांभाळावे, जमाबंदीचा हिशेब लिहावा आणि वडिलोपार्जित हक्क पुढच्या पिढीच्या स्वाधीन करावे. तो क्रम मोडून ते ज्या तमाशाच्या फडात जाऊन बसले, तो महार-मांग कलावंतांनी पिढ्यानुपिढ्या जोपासलेला आणि पांढरपेशा समाजाने त्याज्य मानलेला असल्यामुळे, पठ्ठे बापूराव हे नाव त्यांना स्वजातीचा रोष पत्करूनच धारण करावे लागले.

तमाशात कवीचे स्थान केवळ शोभेचे नव्हते. गणाने खेळ सुरू व्हावा, गौळणीत मथुरेच्या बाजारी निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण-पेंद्याने अडवावी, लावणीने बैठक रंगवावी आणि रात्र चढल्यावर वगाचे कथानाट्य उभे राहावे, या प्रत्येक अंगाला ताजे कवन लागे. कारण जत्रेत दुसऱ्या फडाशी सवालजवाबाचा सामना जुंपला म्हणजे शिळ्या कवनावर निभाव लागत नसे. ही निकड बापूरावांच्या शीघ्र प्रतिभेने भागविली. ‘मिठाराणी’चा वग आणि मुंबई नगरीचे वर्णन करणारी लावणी या त्यांच्या रचना विशेष गाजल्या.

परंतु त्या शब्दांना लोकांच्या काळजापर्यंत पोहोचविले ते संगमनेरजवळच्या हिवरगावच्या पवळाबाईंनी. स्त्रीवेष घेतलेला नाच्या पोऱ्या नाचविण्याची चाल रूढ असलेल्या फडात या महार स्त्रीने आपल्या कंठाने आणि नृत्याने स्वतःचे स्थान निर्माण केले, आणि घाटावरून व कोकणातून पोटासाठी आलेल्या गिरणी कामगारांच्या मुंबईत ही जोडी कीर्तीच्या शिखरावर पोहोचली. पुढे दोघांची ताटातूट झाली, फडाचे वैभव ओसरले, आणि २२ डिसेंबर १९४५ रोजी बापूरावांनी पुण्यात विपन्नावस्थेत देह ठेवला. त्यानंतर पाचच वर्षांनी त्यांच्या नावाचा चित्रपट निघाला.

राम जोशी, होनाजी या शाहिरांच्या परंपरेत बापूरावांची गणना होते, ती यथार्थच आहे. मात्र ढोलकीचा तोल, मागे सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांची साथ आणि पवळाबाईंचा गळा गृहीत धरून रचलेल्या या कवनांचे श्रेय एकट्या कवीच्या पदरी टाकणे म्हणजे फडाची रीतच न ओळखणे होय. ज्या कलावंतांनी बहिष्कृत जिणे जगत ही विद्या राखली आणि एका कुलकर्ण्याला आपल्यात सामावून घेतले, त्यांचाही मराठी वाङ्मयाच्या इतिहासावर बापूरावांइतकाच हक्क आहे.